शिकागोच्या मोटारीचं भाडं

न्यूयॉर्कहून शिकागोला रेल्वेनं जाणं स्वस्त की मोटारीनं, हे सेंटापर्यंत सांगू शकणारा एकच माणूस मी पाहिला. तो स्वतः चांदा जिल्ह्याबाहेर एकदाच गेला होता. नागपूरला, डोळ्याचं ऑपरेशन करायला. तिथूनही चौथ्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून परत आला, कारण महिनाअखेरची बिलं तुंबली असती.

आम्ही त्यांना बिलबाबू म्हणत असू. तोंडावर बाबूजी. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कचेरीत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी बहुतेक हसवणाऱ्या असत, आणि मीही त्या इतरांसारख्याच सांगत आलो. जी सांगितली नाही ती ही.

कचेरी सरकारी होती, जंगलाशी संबंध असलेली, अहेरीच्या अलीकडे मोटाररस्त्यावरच्या एका गावी. यापेक्षा जास्त पत्ता देत नाही. तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. पावसाळ्यात मोटार, म्हणजे तेव्हाची बस, बंद पडली की आमच्या गावाचा जगाशी संबंध टपालवाल्याच्या पायांवर असायचा. मी वरोऱ्याचा, बाविसाव्या वर्षी तिथं कनिष्ठ कारकून म्हणून लागलो आणि माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून आलं.

नाकेदारापासून, म्हणजे जंगलाच्या पहारेकऱ्यापासून, साहेबापर्यंत कोणीही सरकारी कामासाठी कुठंही गेला की त्याचं प्रवासाचं बिल बिलबाबूंच्या हातून जायचं. नियम एकच, जवळच्या रस्त्यानं आणि कमी खर्चानं. तो नियम त्यांनी नुसता पाठ केला नव्हता, अंगी बाणवला होता. रविवारी सकाळी ते सायकल काढत. मागच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधलेली असे. चिंधी वर आली की एक. शंभर झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. अशा रीतीनं त्यांनी त्या मुलखातले बहुतेक रस्ते मोजून काढले होते. बांधकामवाल्यांचे मैलाचे दगड त्यांना मान्य नव्हते. एका दगडाला तर त्यांनी रीतसर पत्र लिहून शंभर पावलं मागं सरकवलं होतं, म्हणजे सरकवायला लावलं होतं.

मी रुजू झालो तेव्हाचं माझं पहिलंच बिल त्यांनी कापलं. चांद्याच्या स्टेशनापासून मोटार अड्ड्यापर्यंत मी टांगा लावला होता.

"टांग्यात आणखी कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"दोन व्यापारी होते."

"मग तिसरा हिस्सा तुमचा. सरकारनं व्यापाऱ्याले काऊन फिरवावं?"

मी मुकाट्यानं तिसरा हिस्सा घेतला. त्याच पावसाळ्यात मला हिवताप चढला तेव्हा हाच माणूस सात दिवस सकाळी आंबिलीचा लोटा घेऊन माझ्या खोलीवर येत होता. यायचा, लोटा ठेवायचा, ताप हातानं पाहायचा आणि एक शब्द न बोलता कचेरीत जायचा. आठव्या दिवशी मी हजर झालो तेव्हा पहिलं वाक्य बोलले ते हे की माझा रजेचा अर्ज चुकीच्या नमुन्यावर होता.

ते एकटे राहत. बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली होती, अशाच तापानं. खोलीत एक खाट, एक चूल आणि भिंतीला खिळलेला जिल्ह्याचा नकाशा. कोणी खोटं बिल केलं तर ते चिडत नसत. बिल बाजूला ठेवत, चष्मा पुसत आणि म्हणत, "रस्ता खोटं बोलत नाई बाबू. माणूस बोलते." हे वाक्य कचेरीत इतकं मुरलं होतं की शिपाईसुद्धा चहाला उशीर झाला की म्हणायचा.

लोक त्यांना भीत आणि तरी मानत. याचं कारण, कापाकापी ते वरपासून खालपर्यंत सारखी करत. आणि कोणा नाकेदाराचा हक्काचा भत्ता कुठं अडकला असेल तर तो सोडवायलाही तेच वर्ष-वर्ष पत्रं लिहीत.

असाच एक नाकेदार होता. पन्नाशीला आलेला, बारीक अंगाचा. त्याचं ठाणं कचेरीपासून बावीस मैल आत, माडिया गोंडांच्या गावाजवळ. चोरीच्या सागवानाचा एक खटला आमच्या गावच्या कोर्टात चालू होता आणि त्यात त्याची साक्ष होती. पहिल्या खेपेला तो येऊन गेला आणि त्याचं बिल आलं: 'अंगात ताप असल्यामुळे बंडी केली, अडीच रुपये.' आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात.

नाकेदारानं बंडीचं भाडं लावणं ही नवलाची गोष्ट होती. त्यांनी पायीच चालावं असा रिवाज. बिलबाबूंनी मान वर करून सगळ्यांना मिळून विचारलं, "हा नाकेदार त्या दिवशी कसा आला, कोणी पाह्यला का?"

मी पाहिला होता. त्या सकाळी विहिरीवरून आंघोळ करून येत असताना तो मला गावाच्या वाटेवर दिसला होता. खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, एकटा.

"मी पाहिला," मी म्हणालो. "पायी आला."

हे मी पटकन बोललो, आणि खरं सांगायचं तर थोड्या आनंदानं बोललो. एवढ्या मोजूनमापून वागणाऱ्या माणसाला माझा उपयोग झाला, असं वाटलं. त्यांनी तांबड्या शाईत लिहिलं, 'पायी आला. बंडीचा खर्च अमान्य. बिल खोटे.' तेवढ्यावर थांबलं असतं तर अडीच रुपयांचीच गोष्ट होती. पण खोट्या बिलाची नोंद नोकरीच्या पुस्तकात करायची असा नियम होता, आणि नियम असला की बिलबाबू तो पाळत. नोंद झाली.

पुढच्या महिन्यात पगाराला नाकेदार आला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "बाबूजी, मी बंडीनंच आलो होतो जी."

बिलबाबूंनी बिलांवरून डोळे न काढता सांगितलं, "शेरा लिहून झाला."

"बरं जी," तो म्हणाला आणि पगाराची सही करायला गेला.

श्रावणात त्याला साक्षीचं दुसरं बोलावणं गेलं. तारखेला तो हजर झाला नाही. कोर्टानं खटला पुढं ढकलला आणि कचेरीनं त्याला गैरहजेरीचा खुलासा मागितला. तो खुलासा मागणारा कागद मीच लिहिला. कागद पोचायच्या आधी बांबू तोडणाऱ्यांनी निरोप आणला. वाटेवर तेराव्या मैलाजवळ येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला टेकून तो बसलेला सापडला होता. दोन दिवस झाले असावेत. पाऊस चालू होता. कोर्टाचं बोलावणं मेणकापडात गुंडाळून त्यानं बंडीच्या आत, म्हणजे आमच्याकडे जी बिनबाह्यांची बंडी घालतात तिच्यात, छातीशी ठेवलं होतं. ते कोरडं होतं.

त्याच्या बायकोनं मदतीसाठी अर्ज केला. कोणाकडून तरी लिहून घेतलेला. नवरा तापात होता, बंडीचं भाडं मागच्या वेळी कापलं म्हणून पायी निघाला, सरकारी कामावर मेला. आमचे साहेब त्या दिवसांत अमेरिकेला गेले होते. लाकूड कापायच्या आणि सुकवायच्या नव्या पद्धती पाहायला सरकारनं काही अधिकारी पाठवले होते, त्यात ते होते. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्यानं नोकरीचं पुस्तक मागवलं, तांबडी नोंद वाचली आणि अर्जावर लिहिलं की मयताची पूर्वीची वागणूक पाहता तो सरकारी कामासाठीच निघाला होता यावर भरवसा ठेवता येत नाही. अर्ज फेटाळला.

तो कागद बिलबाबूंच्या टेबलावरून गेला. त्यांनी वाचला, जावक नंबर घातला आणि पुढं दिला. त्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीत उठले नाहीत, एवढंच मला आठवतं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ते सायकलवर त्याच बावीस मैलांच्या रस्त्याला गेले. कशाला गेले ते मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी ते ओट्यावर बसलेले होते. सायकल भिंतीला टेकवलेली, चाकं चिखलानं भरलेली.

मला म्हणाले, "बंडीवाला भेटला. माडिया आहे. तापात होता म्हणते, पडून होता बंडीत. नाल्यापर्यंत आणलं त्यानं. नाल्याले पाणी होतं, बैल उतरत नव्हते. तिथून हा पायी आला, आणि बंडी परत गेली."

नाल्यापासून कचेरी जेमतेम पाऊण मैल. मी त्याला पाहिलं ते त्या पाऊण मैलात.

कचेरी उघडल्यावर त्यांनी तीन पानांचा कागद लिहिला. अमक्या नाकेदाराच्या बिलावर मी लिहिलेला शेरा खोटा आहे, तो मी चौकशी न करता लिहिला, नोंद रद्द करावी, मयताच्या पत्नीच्या अर्जाचा फेरविचार व्हावा आणि माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी. त्यात माझा उल्लेख नव्हता. मी तीनही पानं दोनदा वाचली, कारण नक्कल मलाच करायची होती.

साहेब थंडीत परत आले. माणूस दिलखुलास. सगळ्या कचेरीला पेढे दिले आणि एका दुपारी आम्हांला सतरंजीवर बसवून अमेरिकेच्या गोष्टी सांगितल्या. फोटोंचा अल्बम हातोहात फिरला. उंच इमारती, लाकडाच्या गिरण्या, बर्फ. एका फोटोत साहेब ओव्हरकोट घालून एका लांबलचक मोटारीपुढं उभे होते आणि मोटारीच्या कपाळावर इंग्रजीत शिकागो लिहिलेलं होतं.

"न्यूयॉर्कहून शिकागोला या मोटारीनं गेलो," साहेब म्हणाले. "रात्रभर आणि वर अर्धा दिवस. पण काय सीट! आपल्या चांद्याच्या मोटारीत बसणाऱ्याला झोपच लागणार नाही, इतकी मऊ."

सगळे हसले. बिलबाबूंनी तो फोटो जरा जास्त वेळ हातात धरला.

दोन-तीन दिवसांनी साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं, नाकेदाराच्या कागदासाठी. मीही होतो, कागदाची फाइल घेऊन.

"हा पायी आला असं तुम्हांला कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"मीच पाह्यलं साहेब," बिलबाबू म्हणाले.

माझ्या हातात फाइल होती. मी ती टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली. बाहेर आल्यावर ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि मी माझ्या. आमच्या टेबलांत हातभराचं अंतर होतं.

साहेबांनी कागद ठेवून घेतला. बघतो म्हणाले. नोंद रद्द करायची तर वर कळवावं लागणार होतं, आणि वर कळवलं की आपल्या कचेरीची चूक म्हणून कळवावं लागणार होतं. एक महिना गेला, दुसरा गेला.

आणि मग साहेबांचं अमेरिकेचं बिल आलं. तिथला बहुतेक खर्च तिकडच्यांनी केला होता. न्यूयॉर्क ते शिकागो हा एक प्रवास मात्र आपल्या सरकारच्या वाट्याला आला होता. बिलात लिहिलं होतं: रेल्वेनं, झोपायच्या स्वतंत्र खोलीसह.

बिलबाबूंनी ते बिल बाजूला ठेवलं आणि चष्मा पुसला.

आता साहेबांच्या हुद्द्याला वरच्या वर्गाचा प्रवास मंजूर होता. रेल्वेनं गेले असते तर कोणी बोट ठेवू शकलं नसतं. हे मी त्यांना म्हणालोही.

"हुद्द्याले मिळते ते वेगळं, आणि केला तो प्रवास वेगळा," ते म्हणाले. "जो मोटारीनं गेला त्याले मोटारीचं भाडं. नाकेदाराले एक नियम आन् साहेबाले दुसरा, असं पुस्तकात कुठी आहे?"

पण मोटारीचं भाडं किती, हे आमच्या जंगलात कोणाला माहीत? त्यांनी घरी बसून स्वतःच्या खर्चानं दोन पत्रं लिहिली. एक, 'स्टेशन मास्तर, शिकागो'. दुसरं, 'मोटार अड्ड्याचे मुख्य, शिकागो'. दोन्ही 'आय हॅव द ऑनर टु रिक्वेस्ट'नं सुरू झालेली. पोस्टमास्तरनं तिकिटं किती लावायची ते पाहायला जुनं पुस्तक काढलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं की बिलबाबू अमेरिकेला जाऊन राह्यले, म्हणजे निघालेत. लोक रस्त्यात थांबवून विचारत. ते थांबून सांगत की फक्त भाडं विचारलं आहे.

मध्यंतरी साहेबांचा शिपाई बिलाची चौकशी करून जायचा. 'माहिती मागवली आहे' एवढंच उत्तर.

उन्हाळ्यात, मोहफुलं संपता संपता, एक जाड लिफाफा आला. शिकागोच्या कोणा भल्या माणसानं छापील वेळापत्रकं पाठवली होती, रेल्वेची आणि मोटारीचीही, आणि भाड्याच्या आकड्यांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. सोबत दोन ओळींचं पत्र: आपण आमच्या शहरी याल तेव्हा जरूर भेटा.

ते दोन दिवस बिलबाबूंच्या तोंडावर जे होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण त्याच्या जवळचं काहीतरी होतं. त्यांनी कोष्टक काढलं. रेल्वे, साधी बैठक. रेल्वे, झोपायची खोली. मोटार. प्रत्येकाचे मैल, वेळ, भाडं, वाटेतला खाण्याचा खर्च. मोटार सगळ्यांत स्वस्त, झोपायच्या खोलीच्या निम्म्याहून कमी. मग त्यांनी मला साहेबांचं बिल आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. बिलातला आकडा छापील आकड्याशी सेंटासकट जुळत होता.

"प्रवास केलेल्या माणसाच्या बिलात हमाल असते, चहा असते, काई ना काई वरखाली असते," ते म्हणाले. "हे बिल पुस्तकातून उतरवलं आहे."

त्यांनी हरकत लिहिली. मी तिची साफ नक्कल केली. अशी हरकत त्या कचेरीत कोणी साहेबाच्या बिलावर लिहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी आम्हां दोघांना बोलावलं. बाहेर ऊन रणरणत होतं, खसाच्या पडद्यावर शिपाई पाणी मारत होता. साहेब रागावलेले नव्हते. टेबलावर दोन फायली शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या.

"बसा बाबूजी," ते म्हणाले. बिलबाबू उभेच राहिले.

"तुमची मेहनत पाहून मी थक्क झालो. खरंच. पण मला एक सांगा, मी मोटारीनं गेलो याला पुरावा काय? एक फोटो. मोटारीपुढं उभं राहिलं म्हणजे माणूस मोटारीत बसला, असं होतं का?"

"साहेब, आपण स्वतः सांगतलं."

"कुणापुढं?"

"सगळ्या कचेरीपुढं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलंत?"

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही साहेब."

बिलबाबूंनी वळूनही पाहिलं नाही.

साहेबांनी दुसऱ्या फाइलवर हात ठेवला. "हा तुमचा नाकेदाराचा कागद. ती बाई, दोन पोरी आहेत तिला म्हणे. मी आज यावर शिफारस लिहिली तर नागपूरहून महिना-दोन महिन्यांत मंजुरी येईल. नाही लिहिली तर कागद इथंच राहील, आणि माझी बदली झाली की नवा माणूस तो वाचणारही नाही. मी काही वाईट माणूस नाही बाबूजी. मला दोन्ही कागद आज निकालात काढायचे आहेत. तुमची हरकत तुम्ही मागं घ्या. नक्कल कोणाकडे गेलेली नाही."

पडद्यावर पाणी पडत होतं. बिलबाबू त्या दोन फायलींकडे पाहत उभे राहिले. शिपायाची बादली संपली आणि तो दुसरी आणायला गेला.

मग त्यांनी आपली हरकत उचलली, घडी घातली आणि खिशात ठेवली. साहेबांच्याच टेबलावरचा टाक घेऊन बिलावर लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.' खाली सही केली, तारीख घातली. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं.

साहेबांनी शब्द पाळला. त्याच दुपारी शिफारस लिहिली. आता मागं पाहताना मला वाटतं, त्यांनी शब्द फिरवला असता तर बिलबाबूंना ते सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून त्यांनी रविवारची सायकल काढली नाही. बिलं तपासत, पण शेरे लिहीत नसत. कोणी टांग्याचे पूर्ण पैसे लावले तरी सही करत. लोकांना आधी बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. एक म्हातारा जमादार मला म्हणाला, "बाबूजीले काई झालं का? माह्या बिलात चूक होती. मीच सांगतली तेव्हा कापली."

पावसाळ्यात मंजुरी आली. रकमेसाठी बाईचा अंगठा घ्यायचा होता. ठाणं सोडून ती माहेरी, ब्रह्मपुरीच्या पलीकडे वैनगंगेपार एका धानाच्या गावी गेली होती. कागद टपालानं तहसीलीत पाठवता आला असता. बिलबाबूंनी रजा टाकली आणि स्वतः निघाले. मी म्हणालो, मी येतो. मीही रजा टाकली.

चांद्यापर्यंत मोटार, तिथून छोट्या लायनीची गाडी, मग पायी नदीपर्यंत, मग नाव. वाटेत आम्ही गरजेपुरतं बोललो.

गावात पोचलो तेव्हा रोवणा चालू होता. बायका बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या शेतात, ओळीनं वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, रोवत होत्या. कोणीतरी हाक मारली आणि त्यांच्यातली एक चिखलाचे हात तसेच ठेवून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आली. चाळिशीची असेल. थोरली मुलगी तिच्या मागं उभी राहिली.

बिलबाबूंनी कागद समजावून सांगितला. नोंद रद्द झाली, नाकेदार सरकारी कामावर वारला असं सरकारनं मानलं, एवढी रक्कम मिळेल. ती ऐकत होती. मग ते म्हणाले, "बाई, तुमच्या घरच्यांचं बंडीचं बिल कापणारा मीच."

"मले माहीत आहे जी," ती म्हणाली.

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"मी लई बोलली होती तुमाले, घरी. ते म्हणे, बाबूले काई म्हणू नोको. माहा अकरा महिन्यांचा भत्ता अडकला होता तो त्यानंच काढून देल्ला. बाबू खरा माणूस आहे, त्याले दिसलं ते लिवलं असंल. म्हणे, आता पायीच जातो, म्हंजे त्यालेबी तरास नाई आन् मलेबी नाई. ताप होता अंगात. मी म्हटलं, जाऊ नोका. म्हणे, बाबूले मी खोटा नाई हे दिसू दे."

बांधीतल्या बायका काम थांबवून पाहत होत्या. बिलबाबूंनी शाईची डबी उघडली. तिनं अंगठा आधी लुगड्याला पुसला, मग शाईत बुडवला, आणि त्यांनी तो धरून कागदावर टेकवला. ठसा चांगला उमटला. तिनं आम्हांला घरी चलून पाणी घ्या म्हटलं. ते नको म्हणाले. ती पुन्हा बांधीत उतरली, ओळीत तिची जागा मोकळी होती तिथं.

परतीच्या वाटेवर पाय चिखलात रुतत होते. ते पुढं, मी मागं. वर्षभर मी जे वाक्य तोंडात धरून होतो ते तिथं बाहेर पडलं.

"बाबूजी, तो पायी आला हे मी सांगितलं होतं. चूक माझी होती. आणि साहेबांपुढंही मी..."

ते चालत राहिले. मागं न पाहता म्हणाले, "तुले जे दिसलं ते तू सांगतलं. तो दारात येऊन उभा होता. त्याले इचारणं माह्यं काम होतं."

साहेबांपुढच्या माझ्या उत्तराबद्दल ते काही बोलले नाहीत. पुढंही कधी नाही. त्यानंतर ते वर्षभरच नोकरीत राहिले, आणि निवृत्त व्हायच्या आधीच ऐन पावसाळ्यात तापानं गेले.

नदीला पाणी होतं, पण पूर ओसरला होता. नाव भरेपर्यंत आम्ही काठावर उभे राहिलो. मग आत बसलो, समोरासमोर, मध्ये कोणाची तरी शेळी. नावाड्यानं बांबू टेकवला आणि नाव हलली. काठ बराच मागं गेल्यावर बिलबाबूंनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुह्या घरी कोण कोण आहे?"

चार वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं. मी आईपासून सुरुवात केली.